तोकुनागा म्हणाला, झकास

तोकुनागा शिगेओच्या डाव्या हाताचं पहिलं बोट सरळ होत नसे. चहाचा पेला धरला की ते एकटंच बाजूला वाकडं उभं राही. नवीन आलेली पोरं ते बघून एकमेकांना कोपरखळ्या मारत. मी त्यांना सांगायची, हसून घ्या, पण त्या बोटाने तुमच्यासारखे चाळीस जण वाढवलेत.

मी हात्सुए. कोकुरा सीगल्स या बेसबॉल संघाच्या वसतिगृहात सव्वीस वर्षं स्वयंपाक केला. पोरं मला मावशी म्हणत. खेळातलं मला काय कळतं असं कोणी विचारलंच, तर जी माणसं सकाळी मिसोच्या सारापासून रात्रीच्या भातापर्यंत दुसरं काही बोलतच नाहीत, त्यांना सव्वीस वर्षं वाढून जेवढं कळेल तेवढं कळतं. पुष्कळ प्रशिक्षकांना त्याहून कमी कळत असावं असं माझं मत आहे, पण ते कोणी विचारत नाही.

तोकुनागा तागावाच्या कोळसा खाणींकडचा. अठराव्या वर्षी कॅचर म्हणून संघात आला. म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून पकडायचा, तो गडी. सात वर्षांत त्याला अकरा मॅच मिळाल्या. त्यातल्या सहा मॅचमध्ये तो शेवटच्या डावाला, निकाल लागून गेल्यावर आत गेला होता. आठव्या वर्षी त्याला ऑफिसात बोलावलं आणि दोन गोष्टींपैकी एक निवड म्हणून सांगितलं. एक तर घरी जा, नाही तर बुलपेनमध्ये बस. बुलपेन म्हणजे मैदानाच्या कडेला, तारेच्या जाळीआड, पिचर जिथे मॅचआधी हात गरम करतात ती जागा. तिथे त्यांचे चेंडू झेलायला एक माणूस लागतो. तो रोज दोनशे चेंडू झेलतो आणि मॅच कधीच खेळत नाही.

त्या दिवशी तो स्वयंपाकघरात आला, वाटीभर सार प्यायला आणि म्हणाला, "मावशी, मी राहतोय." मला वाटलं, पोरगा रडेल. तो रडला नाही, आणखी एक वाटी सार मागितलं. मी मात्र तो गेल्यावर कांदा नसताना डोळे पुसले, हे कबूल करते.

त्याची खोली वसतिगृहाच्या टोकाला होती. लग्न मी दोनदा जमवत आणलं. दोन्ही वेळा मुलगी बघायच्या दिवशी त्याला कुठल्या तरी पिचरचा हात गरम करायचा होता. तिसऱ्यांदा मीच नाद सोडला.

आता त्याच्या कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चेंडू झेलणं हे काम नव्हे, ते कोणीही करील. काम होतं आवाज काढायचं. कॅचरचा हातमोजा जाड चामड्याचा, उशीएवढा. चेंडू तळहातावर घेतला तर धप्प असा मेलेला आवाज येतो. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या खोबणीत नेमका घेतला तर असा कडकडीत आवाज निघतो की जाळीपलीकडचे प्रेक्षक वळून बघतात. तो आवाज ऐकला की पिचरच्या अंगात येतं. त्याला वाटतं, आज आपला चेंडू कोणाला दिसणारसुद्धा नाही. त्या खोबणीत घेतलं की पहिलं बोट मार खातं, म्हणून ते वाकडं. तोकुनागाकडे चार हातमोजे होते. संध्याकाळी तो ते तेल लावून चोळत बसे, लाकडी हातोडीने ठोकत बसे, आणि मी ओरडायची की शेजारच्या खोलीत माणसं राहतात.

आणि एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण जपानातल्या कुठल्याही बुलपेनमध्ये जा, तीच. मॅचच्या दिवशी पिचरला वाईट म्हणायचं नाही. चेंडू कसाही येवो, खणखणीत वाजवायचा आणि ओरडायचं, झकास. पिचर विचारतो, कसा आहे? उत्तर ठरलेलं, झकास. चेंडूत खरंच काही खोट असली तर पिचरला नव्हे, जाळीपाशी येणाऱ्या प्रशिक्षकाला हळूच सांगायचं. पुढचं तो बघेल. पिचरच्या मनात शंका घालणारा माणूस बुलपेनमध्ये टिकत नाही. तोकुनागाने पहिल्याच वर्षी एका जुन्या पिचरला तोंडावर सांगितलं होतं की आज चेंडू पडेल आहे. त्या पिचरला पहिल्याच डावात चार धावा बसल्या आणि परत येऊन त्याने तोकुनागाच्या कानाखाली काढली. म्हणाला, चेंडू ठीक होता, तुझ्या तोंडाने पाडला. त्यानंतर बारा वर्षं तोकुनागा मॅचच्या दिवशी झकासखेरीज काही बोलला नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा फारसं काही बोलत नसे ते वेगळं.

इसोगाई माकोतो आमच्याकडे आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. अमाकुसा बेटावरच्या कोळ्याचा मुलगा. लांब हात, मोठे पंजे, आणि पहिले दोन महिने घरच्या आठवणीने जेवणच जात नसे. माझ्या हातचं जेवण पानात टाकणारा तो पहिला, म्हणून माझ्या लक्षात राहिला. रागानेच म्हणा. त्याचा चेंडू जोराचा होता पण कुठे जाईल त्याचा नेम नव्हता. प्रशिक्षक वैतागले होते, पुढच्या वर्षी याला परत पाठवू म्हणत होते.

तोकुनागाने त्याला धरलं. रोज सराव संपला की दोघं बुलपेनमध्ये थांबत. तोकुनागा काही शिकवत नसे. तो फक्त हातमोजा एका जागी धरी आणि चेंडू तिथे आला की असा वाजवी की स्वयंपाकघरात माझ्या हातातली पळी थांबे. दुसरीकडे गेला तर निमूट उचलून परत फेकी. सहा महिन्यांत चेंडू हातमोजा धरेल तिथे जायला लागला. मग इसोगाई जेवायलाही लागला, तीन तीन वाडगे भात. एकदा खरवड काढत काढत मला म्हणाला, "मावशी, घरी बाबा म्हणायचे, तुझे हात नुसते लांब आहेत. इथे तोकुनागा-सानच्या हातमोज्यात चेंडू वाजला की मला वाटतं, मी कोणीतरी आहे." मी म्हटलं, कोणीतरी असलास तरी वाडगा धुऊन ठेव.

तोकुनागाला मूलबाळ नव्हतं आणि पुढेही झालं नाही. इसोगाई मॅचमध्ये उभा राहिला की तो बुलपेनच्या जाळीला बोटं अडकवून बघत बसे. इसोगाईचा एकेक चेंडू आपल्याच डाव्या हातात बसल्यासारखा त्याचा हात दचके. मी हे पाहिलंय, मनचं सांगत नाही.

पाचव्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे पंचाहत्तर साली, आमचा संघ कधी नव्हे तो वर पोचला. शहराने डोक्यावर घेतलं. पोलाद कारखान्यातल्या पाळ्या सुटल्या की माणसं तशीच काळ्या हातांनी मैदानावर येत. संघात भरवशाचा पिचर एकच, इसोगाई. तो चार दिवसांआड टाकायचा तो दोन दिवसांआड टाकायला लागला. सप्टेंबरात तर एकदा लागोपाठ दोन दिवस. त्याच्या पानातला भात परत कमी व्हायला लागला. उजव्या हाताने वाडगा उचलताना तो खांदा पुढे काढतो, हे मला दिसलं. मी त्याला काही म्हटलं नाही. आचारणीने हातांबद्दल बोलू नये, अशी माझी समजूत होती. आता वाटतं, बोलले असते तर माझी काय नोकरी जाणार होती? पण वाटून काय उपयोग.

शेवटची मॅच ऑक्टोबरातल्या रविवारी दुपारी, आमच्याच मैदानावर, ओकायामाच्या संघाशी. जिंकेल तो पहिला. आदल्या गुरुवारीच इसोगाईने नऊ डाव, म्हणजे आख्खी मॅच टाकली होती. तरी सकाळी फळ्यावर त्याचंच नाव.

अकरा वाजता मी बुलपेनमध्ये भाताचे लाडू घेऊन गेले. आत कोणी यायचं नाही असा नियम आहे, पण ज्याच्या हातात लाडवांची टोपली असते त्याला कोणी अडवत नाही. इसोगाई टाकत होता, तोकुनागा झेलत होता. असा आवाज येत होता की तसा मी त्या वर्षात ऐकला नव्हता. जाळीबाहेर पोरं टाळ्या वाजवत होती. मला आपलं वाटलं, चला, पोराचा हात बरा झाला.

पंचवीस-तीस चेंडू झाल्यावर इसोगाई थांबला. पिचर नेहमी आपल्या जागेवरूनच ओरडून विचारतो, कसा आहे म्हणून. तो तसा ओरडला नाही. चालत चालत तोकुनागापर्यंत आला. टोपी काढली. ऑक्टोबरातही त्याच्या कपाळावर घाम होता.

"तोकुनागा-सान, आज माझा चेंडू कसा आहे? खरं सांगा."

तोकुनागा उकिडवाच होता. त्याने वर बघितलं. हातमोज्यातला चेंडू काढून त्याच्या हातात ठेवला.

"झकास," तो म्हणाला.

"नक्की?"

"आख्ख्या वर्षात असा नव्हता."

इसोगाईने टोपी घातली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेला. जाळीपाशी मुनेकाता नावाचे पिचिंगचे प्रशिक्षक उभे होते. त्यांनी तोकुनागाकडे बघितलं. तोकुनागाने मान हलवली, सगळं ठीक म्हणून. ते निघून गेले. तोकुनागाने माझ्याकडून लाडू घेतला आणि न खाता हातात धरून बसला. मी म्हटलं, खा रे, आज तुझाही दिवस आहे.

त्याला तेव्हा जे माहीत होतं ते त्याने मला मागाहून सांगितलं. पहिल्या पाच चेंडूंतच त्याला कळलं होतं. जड चेंडू हातात बसतो तेव्हा मनगटापर्यंत जाणवतो. इसोगाईचा चेंडू त्या सकाळी हलका लागत होता, पोकळ असल्यासारखा. कोपर बोटभर खाली आलं होतं. दोन चेंडूंच्या मधे तो शेवटची दोन बोटं झटकत होता, मुंग्या आल्यावर झटकतो तशी. बारा वर्षांत तोकुनागाने तसं बोट झटकणारे तीन पिचर पाहिले होते आणि तिघांपैकी एकही दुसऱ्या वर्षी खेळला नव्हता. हे सगळं कळत असताना त्याने हातमोजा एक वीत पुढे नेऊन प्रत्येक चेंडू खोबणीत घेतला. मेलेल्या चेंडूतून त्याने वर्षातला सगळ्यात मोठा आवाज काढला. तो आवाज इसोगाईच्या चेंडूचा नव्हता, तोकुनागाच्या हाताचा होता.

मॅच लोकांना अजून आठवते. मी तिसऱ्या बेसच्या बाजूला, बुलपेनला लागून बसले होते. त्यांचा पिचरही त्या दिवशी पेटला होता. आख्ख्या मॅचमध्ये त्याने आम्हाला तीन फटके दिले, बस. आमची एकुलती धाव चौथ्या डावात आली, तीही भीक घातल्यासारखी. एक जण चार वाईट चेंडूंवर पहिल्या बेसला गेला, पुढच्याने हळूच बॅट टेकवून त्याला दुसऱ्यावर ढकललं, तिसऱ्याचा फटका त्यांच्या गड्याच्या पायातून निसटला. एक-शून्य. मग शेवटपर्यंत कोणी काही करू शकलं नाही.

इसोगाईने पहिले तीन डाव जोराने टाकले. चौथ्यापासून जोर गेला. हे माझ्याही लक्षात आलं. पण त्याच्या डोक्याचं काय सांगू! त्याने मंद चेंडू टाकायला सुरुवात केली, कडेकडेने, फलंदाजाला वाटावं आता मारतो आणि बॅट फिरेपर्यंत चेंडू खाली गेलेला. मोठे मोठे पहिलवान फलंदाज नुसते वारा मारून परत जात होते. सातव्या डावानंतर तो बाकावर बसला तेव्हा टॉवेल डाव्या हाताने धरून तोंड पुसत होता. मैदान ओरडत होतं, इसोगाई, इसोगाई. जाळीमागे तोकुनागाने बोटं तारेत अडकवली होती.

शेवटच्या, नवव्या डावात त्यांचे दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की मॅच आमची, पण त्यांचा एक माणूस तिसऱ्या बेसवर. एक फटका आणि सगळं पाण्यात. इसोगाईने शेवटचा चेंडू जोराने टाकला. कुठून आणला तो जोर, त्यालाच ठाऊक. फलंदाजाने बॅट फिरवली, चेंडू कॅचरच्या हातात होता. बत्तीस हजार माणसं उभी राहिली. आमचे गडी धावत त्याच्याकडे निघाले. तो उभा होता, पण उजवा हात त्याने डाव्या हाताने कोपराखाली धरला होता, लहान मूल धरतात तसा. त्याला वर उचलायला आलेल्या पोरांना तो म्हणत होता, हळू, हळू.

डॉक्टरांनी कोपरातला बंध तुटला म्हणून सांगितलं. त्या काळी त्यावर इलाज नव्हता. हात वाकेल, पण पुरता सरळ होणार नाही आणि खांद्याच्या वर जाणार नाही. तेविसाव्या वर्षी इसोगाईचं बेसबॉल संपलं. गावभर मिरवणूक निघाली तेव्हा तो गळ्यात हात बांधून मोटारीत पुढे बसला होता आणि खरंच आनंदात होता. तोकुनागा मिरवणुकीला गेला नाही. स्वयंपाकघरात येऊन त्याने मला सगळं सांगितलं.

मी त्याला विचारलं, पिचरला सांगायचं नसतं हे मान्य, पण मुनेकाता समोर उभे होते. त्यांना का नाही सांगितलंस? तो म्हणाला, फळ्यावर नाव लागलं होतं, दुसरं कोण टाकणार होतं. इसोगाईला टाकावं लागणारच होतं, मग निदान मन खंबीर ठेवून टाकू दे. मी ते मानलं. मानलं म्हणजे, मानायचं ठरवलं. माणूस समोर बसून आपलं वाकडं बोट चोळत असेल तर त्याच्याशी वाद काय घालायचा.

इसोगाई डिसेंबरात घरी गेला. जाताना तोकुनागापुढे जमिनीला डोकं टेकवून नमस्कार केला. म्हणाला, तुमच्यामुळे मी ती मॅच टाकली. पुढे दर नव्या वर्षाला इसोगाईकडून सुक्या माशांची पेटी यायची. तोकुनागा ती न उघडता माझ्याकडे आणून द्यायचा. मी भाजून सगळ्यांना वाढायची. तो सोडून सगळे खायचे. जाऊन सांगतो, असं तो पहिल्या वर्षी म्हणाला, दुसऱ्या वर्षी म्हणाला. गेला नाही.

तिसऱ्या वर्षी इसोगाईच्या वडिलांना साठ वर्षं पूर्ण झाली आणि समारंभाचं आमंत्रण आलं, तोकुनागाला आणि मला. मी त्याला म्हटलं, आता जायचं आणि सांगायचं. तुला झोप लागत नाही हे भिंतीपलीकडून मला कळतं. तो तयार झाला. आगगाडीत तो काय बोलायचं ते ओठांत घोळवत होता. बोटीत बसल्यावर तेही थांबलं.

कोळ्यांचं घर, माणसांनी भरलेलं. इसोगाईचे म्हातारे वडील तामेकिची साठीची लाल बंडी घालून मधोमध बसले होते आणि साके चांगलीच चढली होती. इसोगाई काळा पडला होता, जाडही झाला होता. जाळी ओढायचं काम डाव्या हाताने करायचा, बर्फाच्या पेट्या मांडीच्या आधाराने सरकवायचा. उजवं कोपर दुमडलेलं ते दुमडलेलं. त्याने माझ्या वाडग्यात इतके मासे घातले की मला भात दिसेना. "मावशी, आता माझी पाळी," म्हणाला.

पहिली फेरी झाली तसा म्हाताऱ्याने हुकूम सोडला, माकोतो, ती मॅच सांग. माणसं हसली. त्या घरात ती रोजच सांगितली जात असावी. इसोगाई लाजला आणि सांगू लागला. चांगलं सांगतो तो. पण त्याने मॅचपासून सुरुवात केली नाही, सकाळपासून केली.

तो म्हणाला, "सकाळी मुनेकाता-सान माझ्याकडे आले. म्हणाले, कोपर दुखतंय हे मला दिसतंय. कुरिताला मी तयार ठेवलाय. फळ्यावरचं नाव बदलता येतं. हात तुझा आहे, तू ठरव. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. मला स्वतःलाच कळत नव्हतं ना. दुखत तर होतं, पण दुखतं तर सगळ्यांचंच. म्हटलं, हा एक माणूस आहे ज्याला माझा चेंडू माझ्यापेक्षा जास्त कळतो. तोकुनागा-सानना विचारलं. ते म्हणाले, आख्ख्या वर्षात असा नव्हता. मग काय, कुरिताला म्हटलं, बस तू."

सगळे हसले. सगळ्यांच्या माना तोकुनागाकडे वळल्या. म्हातारे गुडघ्यांवर सरकत सरकत त्याच्यापर्यंत आले, दोन्ही हातांनी त्याचा पेला भरला आणि खाली वाकून म्हणाले, माझ्या पोराला तुम्ही माणूस केलंत. तोकुनागाने पेला घेतला. मी त्याच्या शेजारी होते. पेला ओठांना न लावताच त्याने चटईवर ठेवला.

कुरिता. म्हणजे दुसरा माणूस होता. म्हणजे मुनेकाता जाळीपाशी उगाच उभे नव्हते, आणि तो पोरगा धीर मागायला टोपी काढून चालत आला नव्हता. त्याने खरोखर विचारलं होतं. आणि तोकुनागाने त्याला रीतीचं उत्तर दिलं होतं.

त्या घरात, त्या म्हाताऱ्यासमोर, काही बोलणं शक्यच नव्हतं. सकाळी इसोगाई आम्हाला धक्क्यावर पोचवायला आला. माझ्या हातात माशांची पिशवी, बोट समोर उभी. मला वाटलं, आता हा तसाच बोटीत चढणार. पण तोकुनागा थांबला आणि खाली बघत त्याने सगळं सांगितलं. हलका चेंडू, खाली आलेलं कोपर, झटकलेली बोटं, हातमोजा पुढे नेऊन काढलेला आवाज. काही राखून ठेवलं नाही. इसोगाई ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग जात होता आणि मी तिकडे बघू शकले नाही, समुद्राकडे बघत राहिले.

इसोगाईने धक्क्यावरच्या आपल्या बर्फाच्या गाडीकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "हे बाबांना सांगू नका."

"नाही सांगणार."

"मॅचच्या दिवशी खरं बोलायचं नसतं. रीतच आहे ती. तुम्ही रीत म्हणून म्हणालात, हो ना?"

पोरगा त्याला वाट करून देत होता. तीन वर्षं मोडक्या हाताने जाळी ओढणारा पोरगा. मी मनात म्हटलं, हो म्हण, गाढवा. एकदा हो म्हण आणि बोटीत चढ. मी असते तर म्हटलं असतं. शिवाय सांगितलं असतं की चेंडू मेलेले होते तरी तू नऊ डाव एकालाही धाव दिली नाहीस, ते माझ्या आवाजाने नव्हे, तुझ्या डोक्याने आणि छातीने. खरं होतं ते. पण तोकुनागाला असलं बोलणं सुचत नाही. त्याला एक तर झकास म्हणता येतं, नाही तर जे आहे ते.

"नाही," तो म्हणाला. "रीत मुनेकाता-सानना लागू नव्हती. त्यांना सांगता आलं असतं. मी अकरा मॅच खेळलो, माकोतो. एकही अशी नव्हती. मला तुला टाकताना बघायचं होतं."

बोटीचा भोंगा झाला. इसोगाईने खाली बघितलं, आपल्या दुमडलेल्या हाताकडे, मग वर.

"मलाही टाकायचं होतं," तो म्हणाला. "पण मी विचारलं होतं, तोकुनागा-सान."

त्याने माझ्या हातातली पिशवी डाव्या हाताने बोटीत ठेवली, मला सांभाळून चढा म्हणाला, आणि वळून बर्फाच्या गाडीकडे गेला. लाटा होत्या, बाकं रिकामी होती. तोकुनागा पलीकडचं मिसुमी बंदर येईपर्यंत कठड्याला धरून उभा राहिला, आणि मी त्याला बस म्हटलं नाही.